पाऊण किलो मसूरडाळ

आमच्या घरात एकदा पाऊण किलो मसूरडाळ कॅमेरा म्हणून आली आणि चौथ्या दिवशी आईने तिची आमटी केली. ती आमटी तांबेकाकांनी आमच्याच स्वयंपाकघरात बसून, दोनदा मागून खाल्ली. बोटं चाटत मला म्हणाले, "सुजाता, निकाल लागला. तू नापास."

ऐकणाऱ्याला हा वेड्यांचा बाजार वाटेल. म्हणून आधी तांबेकाका कोण ते सांगते.

दत्ताराम तांबे. मिरा रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला राहायचे. गाव रत्नागिरीकडचं. काकू आम्ही राहायला येण्याआधीच गेलेल्या, मुलगी लग्न होऊन नाशिकला. आयुष्यभर त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. नया नगरचे मटणवाले, भाईंदरचे किराणावाले, भंगारवाले, सोनार, ज्याचा काटा खोटं बोलायला लागेल तो तांबेकाकांना बोलावणं पाठवी. निवृत्त झाल्यावर काटे सुटले, पण हात काही सुटला नाही. दिसेल ती वस्तू उचलायची, एकदा वरखाली करायची आणि वजन सांगून मोकळं व्हायचं. नारळ, पेपरची रद्दी, माझी पर्स. बिल्डिंगमध्ये कुणाचं बाळ बघायला गेलं की बाकीचे म्हणत, बापावर गेलाय. काका त्याला दोन्ही हातांवर घेऊन म्हणत, "तीन किलो दोनशे. छान." आणि ते बरोबर निघे.

कॅमेरा त्यांच्या हातात आला तोसुद्धा काट्यामुळेच. कुठल्या स्प्रिंगला गंज चढलाय, कुठलं पातं वाकलंय हे मोठ्या साहेबांना दाखवायला कंपनीने एक छोटा डिजिटल कॅमेरा दिला होता. काका आधी स्प्रिंगचा फोटो काढायचे, मग काट्याचा, मग काट्यामागे बसलेल्या माणसाचा. निवृत्त होताना कंपनीने कॅमेरा परत घेतला, तेव्हा त्यांनी स्वतःचा विकत घेतला. शर्टाच्या आत, छातीवर लोंबणारा. आंघोळ आणि झोप सोडली तर तो तिथेच. स्वतःला ते फोटोग्राफर म्हणवून घेत नसत. "फोटोग्राफर लग्नात असतात," म्हणायचे. "मी आपला येताजाता काढतो."

पण काढण्याआधी विचारायचे. "काढू का?" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून हजार वेळा ऐकले असतील. भाजीवाल्याला विचारायचे, वॉचमनला विचारायचे, गेटवर पसरलेल्या पिवळ्या मांजरीलासुद्धा विचारायचे. समोरचा 'नको' म्हणाला की "बरं" म्हणून कॅमेरा आत. राग नाही, आग्रह नाही. मांजर उठून गेली तरी "बरं".

खारी गावची एक मावशी आमच्या गल्लीत मासळी घेऊन यायची. तिचा काटा काकांनीच कधीकाळी नीट केला होता. त्यांनी विचारलं, "मावशी, काढू का?"

"माजा नको काढू. बोंबील काढ, ते ताजं हाय."

"बरं."

काकांनी इमानेइतबारे बोंबलांचा फोटो काढला, छापून आणला आणि तिला दिला. पुढच्या खेपेला कोळंबीचा. तिसऱ्या खेपेला नुसत्या कोयत्याचा. चौथ्या वेळी मावशीने टोपली सरळ केली, केसातलं फूल चाचपलं आणि म्हणाली, "आता माजा काढ. पन टोपली दिसली पायजे." तो फोटो तिच्या घरी देवांच्या शेजारी लागला असं ती स्वतःच सांगत फिरली.

हळूहळू लोक त्यांच्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. कुणाला परदेशी जाणाऱ्या भावाकडून कॅमेरा मागवायचा असे, कुणाची बदली दूर होत असे, कुणाला घरात बाळ यायचं असे. रविवारी सकाळी काकांच्या दारात चपला दिसल्या की ओळखावं, कॅमेऱ्याचं गिऱ्हाईक आलंय. काका चहा ठेवत आणि एकच विचारत, "फोटो कुणाचा काढणार?" गंमत म्हणजे बहुतेकांना याचं उत्तर यायचं नाही. ते झूम सांगत, किंमत सांगत, मेहुण्याकडे कुठला आहे ते सांगत. "सगळ्याचाच काढणार" म्हणणाऱ्याला काका चहा पाजून परत पाठवत. अर्ध्या लोकांना तर ते म्हणत, "काही घेऊ नका. तुमच्या मोबाईलची काच धोतराने पुसा, बघा किती चांगला येतो." धोतर हल्ली कुणाकडे असतं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

आणि ज्यांना उत्तर देता येई, त्यांच्यासाठी डाळ होती. जो कॅमेरा घ्यायचा तेवढ्या वजनाची डाळ काका स्वतः, आपल्या जुन्या तराजूवर मापून कापडी पिशवीत भरत. पिशवीला गळ्यात अडकवायची नाडी. ही पिशवी आठ दिवस जाल तिथे न्यायची. ऑफिसात, बाजारात, हळदीकुंकवाला. आठव्या दिवशीही ती बरोबर असेल, तर खुशाल तो कॅमेरा घ्या. मध्येच घरी राहिली, तर कॅमेराही घरीच राहणार.

"दगड का नाही देत?" मी विचारलं होतं.

"दगड माणूस कुठेही टाकून येतो. डाळ टाकवत नाही."

दुसऱ्या मजल्यावर जिग्नेशभाई राहायचे, चादरी-पडद्यांचं दुकान होतं त्यांचं. त्यांना सर्वात जास्त मेगापिक्सेलवाला कॅमेरा हवा होता. काकांचं हिंदी वजनकाट्याच्या धंद्यातलं, थेट. "जिग्नेशभाई, मेगापिक्सेल मतलब चावल का दाना. दाना गिनने से भात अच्छा नहीं होता. पानी देखना पडता है."

"पानी मतलब?"

"उजाला. आप फोटो किसका निकालेगा?"

"बेटी डान्स करती है, काका. स्टेज पे."

काकांनी मनात हिशेब केला. मग म्हणाले, स्टेजवर अंधार, पोरगी नाचणार, तुम्ही खाली दहाव्या रांगेत. तुम्हाला मोठाच लागेल. आम्हाला वाटायचं काका सगळ्यांना छोटाच घ्यायला सांगतात, पण तसं नव्हतं. जिग्नेशभाईंना दीड किलो तूरडाळ मिळाली. आठ दिवस ते दुकानात ती गळ्यात घालून बसले. गिऱ्हाइकं विचारायची, "कोई मन्नत है क्या?" आणि ते हसून म्हणायचे, "हाँ, वैसा ही समझो." आठव्या दिवशी पिशवी जशीच्या तशी परत आली. काकांनी ती तराजूवर टाकली, एक दाणा कमी नाही. त्या कॅमेऱ्याने काढलेले मुलीचे फोटो आजही त्यांच्या दुकानात गल्ल्यामागे लावलेले आहेत.

आता माझं.

मला नुकती नोकरी लागली होती. ऑफिसातल्या एकीकडे काळा, भारदस्त, पुढे लेन्स काढता-घालता येणारा कॅमेरा होता, आणि मला तसाच हवा होता. काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला. मी म्हटलं, "आईचा."

काकांनी कप खाली ठेवला. "का? वहिनींचा फोटो नाही?"

नव्हता. म्हणजे लग्नाचे होते, मी पोटात असतानाचा एक होता. त्यानंतर आईच्या ओठाच्या कोपऱ्यावर कोडाचा डाग उठला आणि हनुवटीवर उतरला. पुढे आमच्या नात्यातल्या एका लग्नात सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. फोटोग्राफरने मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांगितलं, "बाई, तुम्ही जरा मागे उभ्या राहा." आई मागे गेली. मागे म्हणजे पार स्वयंपाक चालला होता तिकडे. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची, पुढच्या रांगेत बसवलेली. त्या फोटोत मी मान वळवून तिला शोधतेय. तेव्हापासून कॅमेरा निघाला की आईला कुठलंतरी काम आठवायचं. बाबा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, घरी आले की दमलेले. तेही कधी काही बोलले नाहीत. सरकारी ओळखपत्रावर होता तेवढाच तिचा फोटो, आणि तो पाहून ती म्हणायची, "हे कुणीही असू शकेल." मला माझी आई हवी होती, पोळी लाटताना कुणाला तरी नावं ठेवून स्वतःच हसणारी.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. पाऊण किलो मसूरडाळ भरून माझ्या गळ्यात घातली.

पहिल्या दिवशी मी ती ऑफिसात नेली. दुसऱ्या दिवशी खांदा दुखायला लागला. तिसऱ्या दिवशी पाऊस आहे असं स्वतःलाच सांगून मी पिशवी ओट्यावर ठेवली, आणि चौथ्या दिवशी घरात पाहुणे आले, डाळ संपलेली, आईला समोर पिशवी दिसली. पुढचं मी सांगितलंच.

काका पिशवीची चौकशी करायला वर आले, तर घरभर फोडणीचा वास. आईला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. "बसा ना भावोजी, गरम आहे," म्हणून तिने ताट वाढलं. निकाल सांगून झाल्यावर काकांनी शर्टातून कॅमेरा काढला आणि बसल्या जागेवरून विचारलं, "वहिनी, काढू का?"

आईचा पदर हनुवटीवर गेला. "नको हो."

"बरं." कॅमेरा आत. "आमटी वाढा थोडी."

मला इतका राग आला! माणसाने थोडा तरी आग्रह करावा. त्यांना सोडायला जिन्यात गेले तेव्हा मी म्हटलंही, "काका, तुम्ही म्हणाला असतात तर ती बसली असती."

काका दोन पायऱ्या खाली थांबले. "एका फोटोवाल्याने त्यांना मागे ढकललं. आता दुसऱ्याने ओढून पुढे आणायचं? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय, पोरी?"

पुढच्या रविवारी ते मला घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेले. तिथला मालक त्यांना पाहून जरा कसानुसा व्हायचा, कारण काका काउंटरवर सात-आठ कॅमेरे मांडायला लावत आणि एकेक डोळे मिटून हातात धरत. डोळे मिटून बटण सापडलं पाहिजे, हा त्यांचा नियम. "हसू आलं की तेवढ्यात चालू झाला पाहिजे. मशीन जागं होईपर्यंत माणूस हसायचं थांबतो." मालक झूम दाखवायला लागला तर म्हणाले, "हिला लांबून चोरून काढायचेत का? दोन पावलं पुढे जाईल की." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या स्वयंपाकघरात उजेड किती वाजता येतो?" मला सांगता आलं नाही. बावीस वर्षं त्या घरात जेवलेली मी. "सकाळी नऊ ते साडेदहा, डावीकडून," काका म्हणाले. आमटी खाताना त्यांनी खिडकीची दिशा पाहून ठेवली होती.

अडीचशे ग्रॅमचा एक चंदेरी कॅमेरा माझ्या पर्समध्ये आला आणि पर्समध्येच राहिला, म्हणजे रोज बरोबर राहिला. "तोंड नको म्हणतात ना? मग हात काढ," काकांनी सांगितलं. "तेही विचारून." मी विचारलं. आई म्हणाली, "हाताचं काय काढायचंय?" पण तिने हात मागे घेतले नाहीत. मग मी काढत गेले. पीठ मळणारे हात. कोथिंबीर निवडतानाचे. खिडकीशी उभी असलेली पाठ, वेणीचं टोक, देवाला वाहिलेलं फूल नीट करणारी बोटं. काका सगळे छापून घ्यायला लावत, बघत, आणि मधूनच म्हणत, "हा बघ, यात वहिनी रागावल्यात." पाठीवरून त्यांना राग दिसायचा, आणि खरंच त्या दिवशी ती माझ्यावर रागावलेली असायची.

काका कधी चुकले नाहीत असं मात्र नाही. नया नगरमधल्या शबानाभाभी त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या सूनबाई. त्यांचा मुलगा दोन वर्षांचा. काकांनी त्यांची पर्स तोलली, पोराची दुधाची बाटली, कपडे, बिस्किटं सगळी धरून, आणि सगळ्यात हलका कॅमेरा सुचवला. महिन्याभराने भाभी छापलेल्या फोटोंचा गठ्ठा घेऊन आल्या. सगळे हललेले. पोरगं एका जागी अर्धा क्षण उभं राहत नव्हतं आणि कॅमेरा सावकाश चालणारा. काकांचा चेहरा पडला. "मी पर्स तोलली, पोर तोललंच नाही," असं ते मला चार वेळा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन, मालकाशी हुज्जत घालून त्यांनी तो बदलून आणला आणि भाभींची माफी मागितली. जुने फोटो फेकायला त्यांनी हात पुढे केला, तर भाभींनी त्यातला एक काढून घेतला. त्यात पोराच्या जागी नुसता लाल शर्टाचा फराटा होता.

"ये मैं रखूँगी, चाचा."

"इसमें तो कुछ दिखता नहीं, बेटी."

"है ना. ये ऐसा ही है."

काकांनी तो फराटा उजेडात धरून पाहिला. त्यांना ते पटलं नाही. पण विसरलेही नाहीत, कारण नंतर किती तरी वेळा मध्येच म्हणायचे, "ती पोरगी काय म्हणाली होती बघ."

दसऱ्याला काका सोनं द्यायला वर यायचे. आपट्याची पानं आईच्या हातावर ठेवायची, "सोन्यासारख्या राहा वहिनी" म्हणायचं, आणि मग तेच. "काढू का?" आई म्हणायची, "नको." काका म्हणायचे, "बरं." मग श्रीखंड-पुरी. वर्षातून एकदाच विचारायचे, दसऱ्याला. एरवी त्यांनी आईसमोर कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नाही. पहिल्या वर्षी आई 'नको' म्हणताना पदर ओढायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पदर न ओढता म्हणायला लागली. पुढे पुढे तर हसत म्हणायची, जसं काही दोघांचं ठरलेलंच आहे. दर वर्षी मी मनात म्हणायचे, या वेळी तरी हो म्हण, या वेळी तरी. आठ दसरे असे गेले.

दरम्यान सगळ्यांच्या मोबाईलमध्ये चांगले कॅमेरे आले. काकांकडे यायचं लोकांनी सोडलं. मग एकाएकी कॉलेजातली पोरं यायला लागली, घरातल्या कपाटात सापडलेले जुने छोटे डिजिटल कॅमेरे घेऊन. आता म्हणे त्याचीच फॅशन. काका खूश. "बघ, कपाटातून बाहेर आले की नाही," म्हणायचे. पोरांनाही ते विचारायचे, फोटो कुणाचा काढणार? एकजण म्हणाला, "माझाच." काकांनी त्यालासुद्धा "बरं" म्हटलं.

एके दिवशी त्यांनी आमचा नारळ हातात घेतला आणि म्हणाले, "साडेचारशे." आई सहज म्हणाली, "छे, मोठा आहे की भावोजी." मी काट्यावर ठेवला. सहाशे दहा. काका हसले, पण पुन्हा उचलून बघितला, आणि मला तेव्हा दिसलं की त्यांचा हात थरथरतोय. पुढे कप बशीत वाजायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

त्यांनी आधी काय केलं असेल, तर स्वतःसाठी डाळ भरली. मी त्यांना गेटजवळच्या बाकावर बघितलं, गळ्यात दीडशे ग्रॅम मूगडाळ. म्हटलं, "काका, हे काय?" तर म्हणाले, आणखी हलका कॅमेरा घेऊन बघतो. घेतलाही. आणि आठवड्याने माझ्याकडे आले. "सुजाता, उलटंच निघालं गं. हलका असला तर जास्त हलतो. वजन असलं की हात जरा बसतो." एवढी वर्षं बहुतेकांना हलका घे म्हणून सांगणारा माणूस हे सांगत होता. मी त्यांचा हात धरला, तर तो माझ्या हातातही थरथरत राहिला.

नाशिकच्या मुलीने त्यांना कायमचं बोलावून घेतलं. दसऱ्याच्या दिवशीच जायचं ठरलं, रिक्षा खाली उभी. काका सकाळी सोनं द्यायला वर आले. हातात जुना कॅमेरा, छातीवरचा. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "हा तुला. तिकडे नेऊन काय करू."

मी घेतला नाही. घेतला तर रडू येईल अशी भीती वाटली. त्यांनी तो टेबलावर ठेवला, आईच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "सोन्यासारख्या राहा वहिनी." आणि चपला घालायला वळले.

आई दारात उभी होती. म्हणाली, "भावोजी, या वर्षी विचारलं नाहीत."

काका थांबले. "हात राहत नाही आता."

"विचारा तर खरं."

काकांनी टेबलावरून कॅमेरा उचलला. घसा साफ केला. "काढू का?"

"काढा," आई म्हणाली.

ती स्वतःहून स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, साडेनऊच्या उजेडात, डावीकडून. पदर खांद्यावर नीट खोचला. तोंड समोर. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि हात असे हलायला लागले की मला बघवेना. त्यांनी कोपरं फासळ्यांना घट्ट दाबून घेतली, आम्हाला शिकवायचे तशी. भिंतीला पाठ टेकवली. तरी हलत होतं. बाजूला गॅसवर कुकरची शिट्टी झाली. आमच्याकडे वरणाला तीन शिट्ट्या, त्यावर एक झाली तरी आई धावते. दुसरी झाली, तिसरी झाली, चौथी झाली.

"वहिनी, कुकर."

"होऊ दे. तुमचा हात थांबेपर्यंत मी उभी आहे. सावकाश काढा."

सहाव्या शिट्टीनंतर बटणाचा आवाज आला. काकांनी पडद्यावर बघितलं आणि त्यांचे खांदे उतरले. "हललाय. आणखी एक काढतो."

आईने कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. कडा सगळ्या फिसकटलेल्या. डाग कुठे संपतो आणि हसू कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पण ती सरळ समोर बघत होती, आणि कुणाला तरी नावं ठेवून झाल्यावर हसते तशी हसत होती.

"हाच," आई म्हणाली. "दुसरा नको. मी अशीच आहे."

"बरं," काका म्हणाले. आईने मला त्यातलं टपाल-तिकिटाएवढं मेमरी कार्ड काढून घ्यायला लावलं, माझ्या कॅमेऱ्यातलं त्यात घालायला सांगितलं, आणि कॅमेऱ्याचा पट्टा काकांच्या गळ्यात परत घातला. "घेऊन जा. नाशिकलाही माणसं आहेत."

त्या दिवशी आमच्या वरणाचा पार गाळ झाला आणि आम्ही तो भातावर घेऊन खाल्ला.

दोन वर्षांनी काका गेल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं. आईचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे. येणारे-जाणारे म्हणतात, हललाय की हो, चांगला नाही का एखादा? आता चांगले पुष्कळ आहेत. त्या दसऱ्यानंतर आई मला कधीच 'नको' म्हणाली नाही. पण भिंतीवर तोच राहतो, कारण तिचा हुकूम आहे. माझ्याकडे आईचा चेहरा आहे तो या माणसामुळे. तो त्यांनी ओढून घेतला नाही, आठ वर्षं दर वर्षी एकदा विचारलं आणि नकार ऐकून घेतला. हे ऋण मी कधी फेडू शकेन असं मला वाटत नाही, आणि फेडायची घाईही नाही.

त्या दिवशी काका खाली उतरल्यावर मी गॅलरीत आले. सामान रिक्षात चढलं होतं, जिग्नेशभाई निरोप द्यायला खाली उभे होते. काका रिक्षापाशी पोचले आणि थांबले. गेटवर ती पिवळी मांजर उन्हात पसरली होती. त्यांनी कोपरं फासळ्यांना दाबून घेतली, कॅमेरा वर उचलला आणि तिच्याकडे वाकले. एवढ्या उंचीवरून ऐकू आलं नाही, पण ओठ हलले ते मला दिसले. मांजर उठली, अंग ताणलं आणि बाजूला उभ्या असलेल्या गाडीखाली निघून गेली. काकांनी मान डोलावली, कॅमेरा शर्टात घातला आणि रिक्षात बसले.